तेलाचा घाणा आणि अपिलाचा हक्क

चेन्नईला गेलात तर गिंडीच्या गांधी मंडपाकडे एक चक्कर जरूर टाका. तिथल्या आवारात एक जुना दगडी घाणा ठेवलेला आहे. तमिळमध्ये त्याला ‘चेक्कु’ म्हणतात. घाणा म्हटलं की आपल्याला अंदमान आणि सावरकर आठवतात. पण हा घाणा कोइंबतूरच्या तुरुंगातला आहे आणि बैलाच्या जागी त्याला जुंपलेला माणूस पेशाने वकील होता. त्यांचं नाव व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै. तमिळनाडूत त्यांना ‘व. उ. सी.’ म्हणतात, किंवा ‘कप्पलोट्टिय तमिळन’, म्हणजे जहाज चालवणारा तमिळ माणूस. याच नावाच्या १९६१ च्या सिनेमात शिवाजी गणेशन यांनी त्यांची भूमिका केली होती.

घाणा पाहणाऱ्या बहुतेकांना वाटतं, ही इंग्रजांच्या छळाची खूण. ती आहेच. पण या घाण्यामागे एक कोर्टाची गोष्टही आहे. चिदंबरम यांना खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा होती जन्मठेप, तीही काळ्या पाण्याची. प्रत्यक्षात ते साडेचार वर्षांच्या आसपास सुटले, कारण मद्रासच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या शिक्षेकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्याच महिन्यात, त्याच गुन्ह्यासाठी मुंबईत लोकमान्य टिळकांनाही शिक्षा झाली. त्यांच्या शिक्षेकडे मात्र पुन्हा कोणी पाहिलं नाही. असं का झालं, हे समजून घेतलं की आजही कोणत्याही घरावर येऊ शकणाऱ्या एका प्रसंगात आपल्या हातात काय आहे, ते कळतं.

एकाच महिन्यातले चार निकाल

तूतीकोरिन हे तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळचं बंदर. तिथून कोलंबोला जाणाऱ्या जहाजांवर इंग्रजी कंपनीची मक्तेदारी होती. ती मोडायला चिदंबरम यांनी १९०६ मध्ये ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली. १० लाख रुपये भांडवल, २५ रुपयांचा एक शेअर. ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ ही दोन जहाजं पाण्यात उतरली. चिदंबरम टिळकांना आपला नेता मानत. १९०७ च्या सुरत काँग्रेसलाही ते टिळकांच्या बाजूने हजर होते.

१९०८ च्या सुरुवातीला तूतीकोरिनच्या कोरल मिलमध्ये संप झाला. त्यात चिदंबरम आणि त्यांचे सहकारी सुब्रमण्य शिव पुढे होते. मार्चमध्ये बिपिनचंद्र पालांच्या सुटकेच्या आनंदात सभा झाल्या आणि १२ मार्चला दोघांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत दंगल उसळली, पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं मेली. खटला चालला तो भाषणांवरून. आरोप राजद्रोहाचा, कलम १२४ अ.

७ जुलै १९०८ रोजी तिरुनेलवेलीचे न्यायाधीश पिन्हे यांनी चिदंबरम यांना जन्मठेप आणि शिव यांना दहा वर्षं काळं पाणी सुनावलं.

८ जुलै १९०८ रोजी मुंबईत ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. आरोप राजद्रोहाचाच.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईतच ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड झाला.

१९ महिने, सहा वर्षं, दहा वर्षं, आणि जन्मभर. कलम एकच, महिना एकच, राज्य एकाच सरकारचं. कोणी लिहिलं होतं, कोणी बोललं होतं. कोणाच्या हातात शस्त्र नव्हतं. मग आकडे इतके वेगळे का?

न्यायाधीशाच्या हातातली मोकळीक

याचं उत्तर कलमातच होतं. तेव्हाच्या कलम १२४ अ मध्ये शिक्षेची मर्यादा फार लांबरुंद होती. न्यायाधीशाला वाटलं तर नुसता दंड, वाटलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, वाटलं तर जन्मभर काळं पाणी. कुठे थांबायचं ते त्याने ठरवायचं. याला कायद्याच्या भाषेत विवेकाधिकार म्हणतात.

ही मोकळीक वाईट नाही, आवश्यकच आहे. भुकेपोटी भाकरी चोरणारा आणि टोळी करून घरं फोडणारा, दोघेही चोरच. पण दोघांना एकच शिक्षा देणं हा न्याय नव्हे. गुन्हा कसा घडला, करणाऱ्याचं वय काय, आधीचं वागणं कसं, त्याच्यावर कोण अवलंबून आहे, हे पाहून शिक्षा मापायची असते. हे माप कोणत्याही पुस्तकात छापून ठेवता येत नाही. म्हणून कायदा ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोडतो.

पण विवेकाच्या जागी राग आला, भीती आली, वरिष्ठांना खूश करण्याची इच्छा आली, किंवा नुसता आळस आला, तर? तेव्हा त्याच मोकळिकीचा गैरवापर होतो. तो ओळखायचा कोणी? न्यायाधीश स्वतः ओळखेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या कोणीतरी, थोड्या अंतरावरून, थंड डोक्याने ती शिक्षा पुन्हा पाहावी लागते. अपील म्हणजे ते पाहणं.

मद्रासला दार होतं, मुंबईत नव्हतं

चिदंबरम आणि शिव यांचा खटला जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात चालला होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येत असे. दोघांनी ते केलं. अपील गेलं मद्रास शहरातल्या उच्च न्यायालयात. पॅरीज कॉर्नरजवळची ती घुमटांची लाल इमारत १८९२ साली उघडली. तिच्या मनोऱ्यावर पुढे दीपगृहही होतं.

उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवलं नाही. राजद्रोह झाला हा निष्कर्ष कायम राहिला. पण शिक्षा मात्र खाली आली, दोघांचीही. चिदंबरम यांच्या बाबतीत ‘जन्मभर’ या शब्दाच्या जागी मोजता येतील अशी वर्षं आली. १९१२ च्या डिसेंबरात ते तुरुंगाबाहेर आले. दोष कायम आणि शिक्षा कमी, हे दोन्ही एकाच निकालात होऊ शकतं. अनेकांना ही गोष्ट माहीत नसते. अपील म्हणजे ‘मी गुन्हा केलाच नाही’ एवढंच म्हणणं नव्हे. ‘गुन्हा ठरला असेल, पण शिक्षा मापाबाहेर आहे’ हेही अपिलाचं पूर्ण कारण आहे.

आता मुंबईकडे वळू. टिळकांचा खटला थेट मुंबई उच्च न्यायालयात चालला. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांतले गंभीर खटले तेव्हा उच्च न्यायालयच ज्यूरीसमोर चालवत असे. न्यायाधीश होते दिनशा दावर. गंमत अशी की १८९७ च्या टिळकांच्या पहिल्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून त्यांना जामीन मिळवून दिला होता. १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांनी जामीन नाकारला. तेव्हा टिळकांच्या बाजूने अर्ज मांडणारे वकील होते बॅरिस्टर जिना. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सुनावताना दावर म्हणाले की ही शिक्षा अनाठायी सौम्य आहे अशी टीका होईल.

उच्च न्यायालयाने स्वतः चालवलेल्या खटल्यावर अपिलाचं दार नव्हतं. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी टिळकांनी मागितली, ती सप्टेंबरात नाकारली गेली. मित्र दादासाहेब खापर्डे त्यासाठी इंग्लंडला गेले, तिथेही यश आलं नाही. काळ्या पाण्याऐवजी साधी कैद करण्याची सवलत सरकारने दिली, पण वर्षं सहाच राहिली. टिळक मंडालेत असताना १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळक घरी परतले ते १९१४ च्या जूनमध्ये.

जरा उलट विचार करून पाहा. ‘केसरी’ पुण्यातून निघत होता. खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात चालला असता तर टिळकांना अपील करता आलं असतं. ज्यूरीच्या खटल्यात अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर करता येई. पण शिक्षा फार कडक आहे ही तक्रार कायद्याचाच मुद्दा समजावी, असं त्या संहितेत स्पष्ट लिहिलं होतं. आणि चिदंबरम यांनी तीच भाषणं मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर केली असती, तर त्यांचा खटला शहराच्या उच्च न्यायालयात चालला असता आणि त्यांचंही दार बंद झालं असतं. गुन्हा कोणत्या गावाच्या हद्दीत घडला, यावर माणसाच्या आयुष्याची वर्षं ठरत होती.

खुद्द इंग्लंडलाही हे शहाणपण उशिराच सुचलं. ॲडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाला १८९६ आणि पुन्हा १९०४ मध्ये दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं. त्या गाजलेल्या प्रकरणानंतर तिथे १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचा कायदा झाला आणि १९०८ मध्ये, म्हणजे टिळकांच्या खटल्याच्याच वर्षी, अपील न्यायालय सुरू झालं. इंग्लंडच्या आरोपीला मिळालेला हा हक्क मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत खटला चाललेल्या आरोपींना मिळायला १९४३ साल उजाडलं.

त्या नव्या दाराचा उपयोग पुढे मद्रासच्याच एका लाडक्या माणसाला करावा लागला. तमिळ सिनेमाचे गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर यांना लक्ष्मीकांतन खून खटल्यात १९४५ मध्ये जन्मठेप झाली. त्यांचा ‘हरिदास’ तेव्हा ब्रॉडवे थिएटरात तुफान चालला होता. उच्च न्यायालयातलं अपील फेटाळलं गेलं, प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, तिथून फेरविचारासाठी परत आलं आणि १९४७ मध्ये ते निर्दोष सुटले.

दया वेगळी, हक्क वेगळा

तिरुनेलवेलीच्या शिक्षा लंडनमध्येही खटकल्या होत्या. भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी जुलै १९०८ मध्येच व्हाइसरॉय मिंटो यांना खासगी पत्र लिहून कळवलं की अशा शिक्षांचं समर्थन आपण करू शकत नाही. मुंबईत दगडफेक करणाऱ्यांना मिळालेल्या वर्षभराच्या शिक्षांवरही ते नाराज होते.

सर्वोच्च खुर्चीवरच्या माणसाला शिक्षा अति वाटणं ही चांगलीच गोष्ट. पण ती नाराजी बंद पाकिटातल्या पत्रात होती. कैद्याला ती दाखवून काही मागता येत नव्हतं. टिळकांची काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली, तीही सरकारची मर्जी. अपिलाचं तसं नाही. तिथे कैदी हात पसरत नाही. त्याचा वकील उघड्या कोर्टात उभा राहतो, न्यायाधीशाला ऐकावं लागतं, आणि जे ठरेल त्याची कारणं लिहावी लागतात. दया नाकारली तर विषय संपतो. अपील फेटाळलं तरी का फेटाळलं, हे कागदावर राहतं आणि पुढचं न्यायालय ते वाचू शकतं.

वरचं न्यायालय नेमकं काय तपासतं?

‘मी त्या जागी असतो तर पाच वर्षं दिली असती, त्याने सात दिली’ एवढ्यावरून वरचं न्यायालय सहसा शिक्षा बदलत नाही. खालच्या न्यायाधीशाने साक्षीदार समोर पाहिलेले असतात, त्याच्या मताला मान द्यायचा असतो. अमेरिकेत २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॉल खटल्यात हेच बजावलं. एका तरुणाला अमली गोळ्यांच्या कटासाठी तुरुंगाऐवजी ३६ महिन्यांची देखरेख दिली होती. अपील न्यायालयाला ते फार सौम्य वाटलं आणि त्याने ती शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली. विवेकाधिकाराचा गैरवापर दिसला तरच हात घाला, नाहीतर नाही, असा त्याचा अर्थ.

मग गैरवापर कधी दिसतो? साधारणपणे चार ठिकाणी. कायद्यात नसलेली किंवा मर्यादेबाहेरची शिक्षा दिली तर. विचारात घ्यायला हव्यात अशा गोष्टी, उदाहरणार्थ आरोपीचं वय किंवा सुधारण्याची शक्यता, बाजूला ठेवल्या तर. ज्यांचा संबंध नाही अशा गोष्टींचा, उदाहरणार्थ बाहेरच्या गदारोळाचा, परिणाम झाला तर. आणि गुन्हा व शिक्षा यांचं प्रमाण उघडउघड बिघडलं असेल, किंवा का ते निकालात लिहिलंच नसेल तर.

म्हणूनच आपल्याकडे गंभीर खटल्यात दोषी ठरवल्यावर लगेच शिक्षा ठोकता येत नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. फाशी द्यायची तर खास कारणं लिहावी लागतात. १९८० च्या बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, अशी रेघ आखली. सत्र न्यायालयाने फाशी दिली तर आरोपीने अपील केलं नाही तरी ती उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अंमलात येत नाही. परतफेड नसलेल्या शिक्षेकडे कायदा माणसाला न विचारताच दुसऱ्यांदा पाहतो.

२६ वरून ४

हे पाहणं किती मोलाचं असतं, याचं सर्वांत ठळक उदाहरणही चेन्नईच्या परिसरातलंच आहे. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. पूनमल्लीच्या विशेष न्यायालयाने २८ जानेवारी १९९८ रोजी सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. मुख्य कटात असलेला आणि कुठे तरी मदत केलेला, सगळे एकाच मापात.

टाडा कायद्यामुळे अपील उच्च न्यायालय वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ मे १९९९ रोजी तिन्ही न्यायमूर्तींनी प्रत्येक आरोपीचा वाटा सुटा करून पाहिला. चौघांची फाशी कायम राहिली. तिघांची जन्मठेप झाली. १९ जण खुनाच्या कटाच्या आरोपातून सुटले. किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा त्यांनी आधीच भोगली होती. फाशी कायम राहिलेल्या चौघांत नलिनी ही एकटी स्त्री होती. न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी मात्र तिच्या बाबतीत वेगळं मत लिहिलं. तिच्या लहान मुलीचा बापही फासावर जाणार होता; आईही गेली तर मूल पोरकं होईल, हे त्यांनी विचारात घेतलं. बाकीच्या दोघांना ते पटलं नाही. पुढे २००० मध्ये तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि उरलेल्या तिघांची फाशी दयेच्या अर्जाला लागलेल्या प्रदीर्घ विलंबामुळे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

या हत्येत राजीव गांधींसोबत इतरही माणसं गेली होती, त्यांच्या घरच्यांचं दुःख या आकड्यांनी कमी होत नाही. पण २६ पैकी २२ जणांच्या गळ्यात फास चुकीच्या मापाने अडकला होता, हे दुसऱ्या नजरेशिवाय कधीच कळलं नसतं.

अपील केलं म्हणून शिक्षा वाढू शकते का?

ही भीती अनेक घरांत असते. ‘नको रे बाबा, उगाच वर गेलो आणि आणखी वाढवली तर?’

शिक्षा वाढू शकते, पण त्यासाठी सरकारने वेगळं अपील करावं लागतं आणि आरोपीला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. चालकाला सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ते तीन वर्षांवर नेले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. विवेकाधिकाराचा गैरवापर फक्त कडकपणातच होतो असं नाही. नको तिथे दाखवलेली सौम्यता हाही गैरवापरच.

पण आरोपी एकटाच अपिलात आला असेल तर? यावरचा महत्त्वाचा निकाल तमिळनाडूतल्याच प्रकरणात आला. एका माणसाला सत्र न्यायालयाने विनयभंग आणि घरात घुसणं यासाठी शिक्षा दिली होती, पण आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपातून सोडलं होतं. त्याने अपील केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आपणहून त्याला त्या सुटलेल्या आरोपातही दोषी धरलं आणि शिक्षा वाढवली. सरकार किंवा पीडितेच्या घरचे अपिलात आलेलेच नव्हते. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. आरोपीने अपील केलं म्हणून तो आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाता कामा नये, असा त्या निकालाचा गाभा आहे. नाहीतर दार उघडं ठेवून उंबऱ्यावर सापळा लावल्यासारखं होईल.

मात्र वरची नजर नेहमी बरोबरच असते, असं समजू नका. नाशिक परिसरातल्या २००३ च्या एका भीषण प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्यांची सोळाएक वर्षं तुरुंगात गेली होती. पैशाने ती परत येत नाहीत. पण प्रत्येक पायरीवर पुन्हा पाहण्याची सोय नसती, तर त्या सहा जणांपैकी कोणीही जिवंत परतलं नसतं.

घरावर वेळ आली तर

कोणावर ही वेळ येऊ नये. पण आलीच, तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

दोषी ठरलेल्या माणसाला कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत विनामूल्य मिळते. ती लगेच मागून घ्या, कारण शिक्षेची कारणं त्यातच असतात.

सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात; फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ३०. उशीर झाला तर योग्य कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका.

तुरुंगात असलेला माणूस आपलं अपील तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. अधिकाऱ्याने ते पुढे पाठवायचं असतं. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो.

गुन्हा कबूल केला असेल तर दोषाविरुद्ध अपिलाचं दार बहुधा बंद होतं, पण शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, यावर बोलता येतं. अगदी किरकोळ शिक्षांवर मात्र अपील नसतं.

कैदेत असलेल्या कोणालाही, तसंच स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

आपलं घर पीडिताच्या बाजूला असेल, तर आरोपी सुटल्यावर, कमी गुन्ह्यात दोषी ठरल्यावर किंवा भरपाई कमी मिळाल्यावर स्वतः अपील करता येतं. फक्त ‘शिक्षा कमी झाली’ एवढ्यासाठी मात्र सरकारलाच अपील करावं लागतं. तेव्हा सरकारी वकिलाकडे लेखी पाठपुरावा करा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क राहिले आहेत.

घाण्यापाशी परत

चिदंबरम सुटले तेव्हा जहाजं गेली होती, कंपनी १९११ मध्येच गुंडाळली गेली होती. राजद्रोहाचा शिक्का असल्याने वकिलीची सनदही नव्हती. मद्रासमध्ये त्यांनी फार हलाखीत दिवस काढले. पुढे वॉलेस नावाच्या इंग्रज न्यायाधीशांच्या मदतीने त्यांना सनद परत मिळाली. कृतज्ञतेने त्यांनी आपल्या मुलाचं नाव वालेश्वरन ठेवलं. ज्या राज्याच्या एका न्यायाधीशाने त्यांना जन्मभरासाठी समुद्रापार धाडायचं ठरवलं होतं, त्याच राज्याच्या दुसऱ्या न्यायाधीशाचं नाव त्यांच्या घरात रोज हाक मारून घेतलं जात होतं. १९३६ मध्ये तूतीकोरिनला त्यांचं निधन झालं.

मुंबई उच्च न्यायालयात टिळकांचा खटला चालला त्या दालनाबाहेर त्यांच्या उद्गारांची पाटी आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तिचं अनावरण केलं. ज्या न्यायालयाने १९०८ मध्ये पुन्हा पाहण्याचं नाकारलं, त्याने ४८ वर्षांनी भिंतीवर ती पाटी लावून पाहिलं. सत्यभामाबाईंना त्याचा काय उपयोग?

शिक्षेकडे पुन्हा पाहायचं तर ते माणूस आत असतानाच पाहायला हवं. गिंडीचा तो दगडी घाणा आता फिरत नाही, पण त्याच्यासमोर क्षणभर उभं राहिलात तर एवढी गोष्ट नक्की आठवेल.